बुधवारची शिकवणी

पहाटे ५.१५

माझी पहिली शिकवणी भाकरी थापताना होते. एका कानात इअरफोन, दुसरा कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली डिजिटल अकादमी काढली आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशा सगळ्यांसाठी नोकरी सांभाळून करता येतील असे अभ्यासक्रम सुरू केले. त्यातल्या समाजसेवकांच्या वर्गात मी चाळिशीत नाव घातलं. व्याख्यान आदल्या रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवते, कारण दिवसा आमची गाडी कुठल्या घाटीत असेल याचा नेम नसतो.

आजचा विषय होता, जीव द्यायचे विचार येतात का हे रुग्णाला कसं विचारायचं. विचारलं की तो विचार उलट माणसाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती सगळ्यांना असते. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मलाही होती. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळाच होतो. व्याख्यात्या हे फार छान सांगतात, पण इंग्रजीत. 'सुइसायडल आयडिएशन' हा शब्द वीस मिनिटांत पंधरा वेळा तरी आला. मराठी पुस्तकांत त्याला 'आत्मघाती विचार' म्हणतात. आता हा शब्द घेऊन मी एखाद्या वाडीत जाऊन पडवीत सोलं वाळत घालणाऱ्या बाईला विचारू, 'तुम्हाला आत्मघाती विचार येतात का?' ती आधी तांब्याभर पाणी आणून देईल आणि मग हळूच म्हणेल, 'ताई, तुम्ही बँकेतून आलात काय?'

म्हणून माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर शिकवणीतला शब्द, उजव्या पानावर इथली माणसं तेच कसं बोलतात ते. 'अँग्झायटी'च्या समोर आहे जीव घाबरा होतो, काळीज उडतं, पोटात गोळा येतो. 'डिप्रेशन'समोर डोकं जड, हातपाय गळाले, जेवण गोड लागत नाही. एका पानावर नुसतं 'बाहेरचं' असं लिहिलंय. 'त्याचं बाहेरचं बघितलं का?' असं शेजारी विचारतात तेव्हा देवस्की, उतारा, भगत हे सगळं त्या एका शब्दात आलेलं असतं. आजच्या शब्दासमोर फक्त 'जिवाचं बरंवाईट' आहे, आणि तेही मी वर्तमानपत्रातून उचललेलं.

सकाळी ७.३०

जिल्हा रुग्णालयाच्या फाटकाशी गाडी उभी. मागे औषधांचे खोके, पुढे आमचे मनोविकारतज्ज्ञ सर, मधल्या सीटवर सायकॉलॉजिस्ट मॅडम, सिस्टर आणि मी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणतात तो हाच. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायला सुरुवात १९९६ पासून. रत्नागिरीचे तालुके नऊ, मंडणगडपासून राजापूरपर्यंत, आणि गाडी एक.

आज कुठल्या तालुक्याला निघालोय ते सांगत नाही. कोकणात तालुका कळला की वाडी कळते, वाडी कळली की घर. पुढे ज्या माणसांबद्दल लिहिलंय त्यांचीही वयं आणि नाती थोडी हलवली आहेत.

कुवारबाव मागे पडेपर्यंत मॅडमचं गुणांचं गाऱ्हाणं चालू होतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती टिकवायची तर पाच वर्षांत सीआरईचे, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात. त्यासाठी त्या पुढच्या महिन्यात स्वखर्चाने मुंबईला जाणार. सरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे पाच वर्षांत ३० गुण लागतात. सिस्टरना त्यांच्या परिषदेचे तास भरायचे असतात.

'आणि तुमचे किती?' ड्रायव्हर मामांनी आरशातून मला विचारलं.

'शून्य. माझ्याकडून कुणी मागतच नाही.'

'मग बरंय की!'

गाडी हसली. मीही हसले, पण ते बरं नाहीये. देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईत निघालं. तेव्हापासून समाजसेवक तयार होताहेत, पण त्यांची नोंदणी करून 'यंदा नवं काय शिकलात' असं विचारणारी परिषद झाली नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने मनोविकार समाजसेवकाचं नाव निदान यादीत घातलं. त्यातही एक मेख आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असेल तोच मनोविकार समाजसेवक. मी एम.एस.डब्ल्यू. आहे. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करणारी बाई दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला कुठून जाणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली, मनोविकार समाजकार्य आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणजे मी ज्या दारातून आत जायला हवं होतं ते दारच काढलं. इथे सगळे मला 'काउन्सेलर ताई' म्हणतात आणि तोच माझा हुद्दा.

सकाळी ९.३०

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं. आंब्याचा हंगाम संपत आल्यामुळे आज गर्दी आहे. एप्रिलमध्ये कुणी फिरकत नाही, बागेतलं काम सोडून गोळ्या न्यायला कोण येतो?

ओपीडीबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक रुग्ण जुने आहेत, झोप लागते का, कामावर जाता का, गोळ्या किती उरल्या, वजन, रक्तदाब. एका बागेतला नेपाळी गडी मुकादमाने आणून बसवला होता. दहा दिवस झोपला नव्हता आणि रात्री कलमांशी बोलत होता. रत्नागिरीच्या बागांवर आणि मच्छीमारी नौकांवर नेपाळी कामगार वर्षानुवर्षं आहेत आणि आमच्यापैकी एकालाही नेपाळी येत नाही. त्याच्याच गावचा एक गडी फोनवर दुभाष्या झाला. पण त्याचं सगळं त्या गाववाल्यासमोर उघडं करणं बरोबर का, यावर मी आणि सर दोन मिनिटं बाजूला जाऊन बोललो. मग शेजाऱ्याला सांगता येतील तेवढेच प्रश्न त्याच्यामार्फत विचारले. बाकीचे राहिले.

त्याला रत्नागिरीला दाखल करायचं ठरलं तसा मुकादम दचकला. 'येड्यांच्या इस्पितळात?' प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा लोक बघायला जातात, मनोरुग्णालयाचं नाव घेतलं की आवाज उतरवतात. 'रत्नागिरीला पाठवू' ही धमकी मी लहानपणी रत्नागिरीतच राहून ऐकली आहे. मी मुकादमाला खुर्ची दिली आणि सांगितलं, तिथे आता कुणाला कायमचं टाकता येत नाही. स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकतो. स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तर आधाराने दाखल करतात, तेही पहिल्यांदा ३० दिवसांपुरतं, आणि नातेवाईक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी लागतो. हे सगळं मी एका प्रशिक्षणात झोप आवरत ऐकलं होतं. इथे मुकादमाने तीन प्रश्न विचारले आणि चौथ्याला मी अडखळले. गड्याचा प्रतिनिधी कोण, मुकादम का मी? उत्तर सरांनी दिलं. वहीत २०१७ च्या कायद्याचं कलम १४ पुन्हा लिहून घेतलं.

दुपारी १२.१५

आशाताईंचं प्रशिक्षण. २३ जणी, मीटिंग हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला एक चालू. सगळ्या सकाळपासून घरं फिरून आलेल्या. माझ्याकडे ४० स्लाइड होत्या. प्रोजेक्टर लागला नाही आणि मला मनातून बरं वाटलं.

पहाटेचाच विषय घेतला. म्हटलं, समजा शेजारची बाई महिनाभर कुणाशी बोलत नाही, तुम्ही तिच्याकडे बसलात, तर काय विचाराल? एकजण म्हणाली, 'बरी आहेस ना?' दुसरी म्हणाली, 'त्याला बरी आहेच म्हणणार ती.' मग मी फळ्यावर लिहिलं: जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?

सगळ्या गप्प. मागच्या बाकावर एक पन्नाशीच्या ताई होत्या, पदराने वारा घेत बसलेल्या. त्या म्हणाल्या, 'मॅडम, रागावू नका, पण असं विचारलं तर कोण हो म्हणेल? हे पोलिसांसारखं वाटतं. आमच्याकडे विचारायचं, जिवाला कंटाळा आलाय काय गो? ज्याला आलाय तो लगेच रडतो.'

मी फळा पुसला. त्या ताईंनाच पुढे बोलावलं आणि शेजारची बाई मी झाले. त्यांनी आधी विचारलं, झोप लागते? मग, जेवण गोड लागतं? मग उगाच जरा वेळ काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातलं खडूचं थोटूक काढून घेतलं आणि म्हणाल्या, 'जिवाला कंटाळलीस काय गो?' हॉलमध्ये कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्याच. माझ्या घशात काय आलं ते मी सांगत नाही. मुलाखतीत मध्ये थांबावं हे आम्हाला पदव्युत्तर वर्गात दोन तास शिकवलं होतं.

त्यापुढची पायरी मात्र त्यांना माहीत नव्हती, ती माझ्याकडे होती. ती हो म्हणाली तर घाबरून विषय बदलायचा नाही. काही करायचं मनात ठरवलंय का, हे तितक्याच सरळ विचारायचं. ठरवलं असेल तर तिला एकटं सोडायचं नाही. आणि घरातली धोक्याची वस्तू हलवायची. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण १९९५ नंतरच्या वीस वर्षांत ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. माणसाच्या मनातला तो कडेलोटाचा वेळ पुष्कळदा थोडा असतो, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर तो निघून जातो. आपल्याकडे प्रत्येक बागायतदाराच्या खोपीत, पडवीत फवारणीचे डबे उघडे असतात. तर डबे कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे.

'आणि पोलीस केस?' एकीने विचारलं. 'म्हणून तर लोक लपवतात.' हा प्रश्न येतोच. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस गंभीर ताणाखाली होता असं गृहीत धरलंय, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. जुन्या दंडविधानातलं, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेलंच नाही. सगळ्यांनी १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये घातला. तो मराठीतही बोलतो आणि रात्रीही उचलतो.

दुपारी २.१०

डबा गाडीत. भाकरी, कुळथाची पिठी, सिस्टरच्या घरची सुकट. अडीचला आमचा ऑनलाइन वर्ग आणि रुग्णालयात रेंज नाही. मामांनी गाडी वर सड्यावर नेली. कातळावर एक करवंदीची जाळी, वर रणरणतं ऊन, आणि मोबाइलला चार काड्या. रत्नागिरीतल्या किती लोकांनी सड्यावर उभं राहून परीक्षा, मुलाखती, साखरपुडे उरकलेत कुणास ठाऊक.

या वर्गाला एको म्हणतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये संजीव अरोरा नावाचे यकृतविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे हिपॅटायटिस सीचे रुग्ण महिनोन्महिने ताटकळायचे. २००३ साली त्यांनी रुग्ण आपल्याकडे बोलावण्याऐवजी खेड्यातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर बोलावून एकेका रुग्णाची चर्चा सुरू केली. २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्या खेड्यातल्या डॉक्टरांचे उपचार विद्यापीठाच्या तोडीचे निघाले. निम्हान्सने तीच रीत मानसिक आरोग्याला लावली. व्याख्यान थोडं, केस जास्त.

आज केस माझी होती. पहिल्यांदाच. तिशीतला मुलगा, मुंबईत कंपनीत होता, स्किझोफ्रेनिया झाल्यावर गावी आला. घरी आजी आणि तो, आईवडील मुंबईलाच. चार वर्षं गोळ्या चालू, दर महिन्याला वेळेवर नेतो, तरी तीनदा पुन्हा बिघडला. मी चार पानं तयार केली होती, वंशवृक्ष, कुटुंबातले ताण, गावचे संबंध, भगताकडच्या खेपा. तिन्ही वेळचं बिघडणं मे-जूनमधलं होतं. त्यावर माझा सिद्धांत असा, की आंब्याच्या हंगामात सगळे कामात, तो एकटा पडतो, चाकरमानी भावंडं येऊन टोचून बोलतात, त्याने ताण वाढतो. इंग्रजीत सांगताना तो आणखीच खरा वाटत होता.

पलीकडच्या मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, 'घरी गोळी त्याच्या हातात कोण देतं?'

मी वही उलटली. कुठेच नव्हतं. चार वर्षांत मी पाच वेळा त्या घरी चहा प्यायले आणि हे विचारलं नव्हतं. 'बहुतेक तोच घेतो,' असं मी म्हणाले आणि म्हणतानाच कळलं की 'बहुतेक' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. पुढची दहा मिनिटं नागालँडच्या कुणाच्या तरी केसची होती. मला काही ऐकू आलं नाही.

दुपारी ४.००

परतीच्या वाटेवर मी काही न बोलताच सरांनी मामांना त्या घराकडे वळायला सांगितलं.

पायवाटेने दहा मिनिटं खाली. आजी मागच्या दारी होत्या, मुलगा विहिरीवर. मी म्हटलं, 'आजी, गोळ्या दाखवा बघू.' देवघराशेजारी पानाचा जुना पितळी डबा, त्यात गोळ्या. डबा भरलेला होता. इतका भरलेला असायला नको होता.

'ह्या इतक्या कशा उरल्या?'

आजी जराही लपवाछपवी न करता म्हणाल्या, 'उन्हाळ्यात निम्म्याच देते गो बाय. उष्ण पडतात त्या. पोराच्या तोंडाला कोरड पडते, जीभ टाळ्याला चिकटते, रात्रभर पाणी मागतो. मिरग लागला की पुन्हा पूर्ण देते.'

मी सरांकडे बघितलं. सर तिथेच जोत्यावर बसले. तोंडाची कोरड खरी आहे, म्हणाले, थरथर कमी व्हायला दिलेल्या गोळीने ती येते. आपण त्याला दर महिन्याला 'काही त्रास?' विचारतो, तो 'नाही' म्हणतो, आणि आपण लिहितो नाही. आजींनी चार वर्षं ही तक्रार बघितली, तिचं निदान केलं आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणे उपायही केला. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलगा वर आल्यावर त्यालाच समोर बसवून बोलणं झालं. थरथर आता आहे का, हात पुढे कर, चालून दाखव. सरांनी ती एक गोळी कमी करायला सुरुवात करून दिली, मुख्य गोळी मात्र पूर्ण, उन्हाळा असो की पाऊस. मी आजींना म्हटलं, उष्ण पडली तर गोळी अर्धी करायची नाही, वर कोकम सरबत द्यायचं. आजींना हे इतकं पटलं की त्यांनी आम्हा चौघांनाही दिलं. मुलगा म्हणाला, 'मला साखर कमी.' चार वर्षांत त्याने माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

संध्याकाळी ६.२०

ऑफिस. मासिक अहवालाचा तक्ता. प्रशिक्षणे: १. उपस्थिती: २३. गृहभेटी: १. समुपदेशन: ११. मागच्या बाकावरच्या ताईंनी मला शिकवलं ते कुठल्या रकान्यात घालायचं? मी 'शेरा' मध्ये 'चर्चा समाधानकारक' लिहून मोकळी झाले. एको वर्गाचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं होतं, माझं आडनाव चुकवून. मॅडमनी त्यांचं लगेच छापून फाइलला लावलं. माझं तसंच पडून आहे.

रात्री ९.४०

भांडी झाली. वहीच्या उजव्या पानावर दोन नोंदी. 'सुइसायडल आयडिएशन'समोर: जिवाला कंटाळा. आणि एका नव्या पानावर, डावीकडे काय लिहायचं ते न सुचल्यामुळे उजवीकडे आधी: उष्ण पडतं. बऱ्याच वेळाने डावीकडे लिहिलं, दुष्परिणाम. मग खाली बारीक अक्षरात, गोळी कोण देतं, हे पहिल्या भेटीतच विचारणे.

पुढच्या आठवड्याचं व्याख्यान उतरवायला लावलं तेवढ्यात व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. त्याच ताई. मागे रातकिडे.

'मॅडम, झोपलात काय? आमच्या वाडीतली ती एक बाई, तुम्हाला सांगितली नव्हती मी. मघाशी गेलेले तिच्याकडे. विचारलं तसं. रडली. मग पुढचं पण विचारलं, तुम्ही म्हणालात तसं. हो म्हणते. फवारणीचा डबा मी आमच्या घरी आणून कपाटात ठेवलाय, किल्ली कमरेला हाय. आज तिच्याकडेच झोपते. पण उद्या काय करू?'

मी फोन लावला. तिच्याशीही बोलले, बाईशी, तिने नुसतं हं हं केलं. मध्ये रात्री काही वाटलं तर १४४१६ आणि मीही आहे असं सांगितलं. मग सरांना उठवलं. ते म्हणाले, पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं नाही, उद्याच बघतो, तिला दहाच्या आत जिल्हा रुग्णालयात आणा.

उद्या गुरुवार, गाडी दुसऱ्या तालुक्याला आहे. पहाटे ५.४५ ची एसटी मिळाली तर साडेसातला मी त्यांच्या वाडीच्या थांब्यावर असेन. भाकऱ्या आजच करून ठेवते.